लस टोचली, तरी कासेला गोचीड लागलेच!

पारोळा तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापत नाही, मजकूर थोडा आवरून देतो.

"डॉक्टरसाहेब, सा. न. वि. वि. माझ्याकडे चार होलस्टीन संकरित गाई, एक खिल्लार गाय आणि दोन महिन्यांची संकरित कालवड आहे. मागच्या वैशाखात ऐन दुधातली गाय गोचीड तापाने पाच दिवसांत गेली. म्हणून यंदा होळीच्या आधी चारही संकरित गाईंना गोचीड तापाची लस टोचून घेतली. आता ज्येष्ठ लागला आणि चौघींच्या कासेला, कानाच्या मुळाशी गोचीड दिसतात. दीर म्हणतात, तुला पाणी टोचून गेले. लाळ-खुरकुताची लस सहा-सहा महिन्यांनी देतात, तशी हीसुद्धा परत द्यायची का? लस दिल्यावर नवव्या-दहाव्या दिवशी कबरी गाय सुस्त होती, अंग गरम लागत होतं, तेव्हा गावातल्या एकाने लाल इंजेक्शन दिलं आणि ती चरू लागली. बाकीच्यांना काही झालं नाही. शिवाय माझ्या मुलाच्या पोटरीला परवा गोचीड चिकटला होता. माणसासाठी अशी लस असते का? आते काय करू, सांगा."

ताई, दिरांना माझा निरोप द्या, की गाईच्या अंगावर गोचीड दिसले म्हणून लस पाणी ठरत नाही. ही लस गोचिडाला मारत नाही, हाकलत नाही, त्याच्या तोंडाला कडू लागत नाही. गोचीड रक्त पिताना आपल्या लाळेतून थायलेरिया नावाचा परजीवी गाईत सोडतो, आणि लस आहे ती त्या परजीवीसाठी. तेव्हा गोचीड चिकटला का, हे बघून काही कळणार नाही. तो चिकटल्यावर गाय तापली का, खांद्याच्या पुढची गाठ सुजली का, दूध एकदम आटलं का, डोळ्याच्या आतला गुलाबी भाग पांढुरका झाला का, हे बघा. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. चार गाई ज्येष्ठातल्या गोचिडांसकट उभ्या आहेत आणि रवंथ करताहेत. मागच्या वर्षी याच दावणीला काय झालं ते तुम्हीच लिहिलंय.

खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातल्या दोन मोठ्या प्रश्नांची मला फारशी काळजी वाटली नाही. मी अडकलो तो कबरीच्या लाल इंजेक्शनपाशी. पण ते का, हे समजायला लस आत जाऊन काय करते ते आधी बघावं लागेल. चहा ठेवा आणि वाचा.

थायलेरिया गाईच्या शरीरात उतरला की पांढऱ्या पेशीत शिरतो. पांढरी पेशी म्हणजे गाईची शिपाईच. बहुतेक जंतू शिपायापासून पळतात, हा त्याच्याच घरात जाऊन बसतो. बसून गप्प राहत नाही. त्या पेशीला तो सारखी दुभंगायला लावतो. एकीच्या दोन, दोनाच्या चार, आणि प्रत्येक नव्या पेशीत हाही वाटून जातो. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी, पुढे पेरूएवढी होते ती यामुळे. नंतरच्या पायरीवर तो तांबड्या पेशींत जातो, त्या फुटतात, गाय पांढरी-पिवळी पडते. ताप १०४ ते १०७ फॅरनहाइटपर्यंत जातो. चावल्यापासून हे सगळं एक ते तीन आठवड्यांत.

आता लस. हा परजीवी ज्यांच्यात आहे अशा गाईच्या पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत बाटलीत वाढवतात. एका बाटलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असं कितीतरी वेळा, महिनोन् महिने. बाटलीत आयतं खाऊन खाऊन तो परजीवी आपली मारण्याची कला विसरतो. जिवंत असतो, दिसायला तोच असतो, पण गारुड्याच्या टोपलीतल्या दात काढलेल्या नागासारखा. त्या पेशी म्हणजे लस. गाईच्या मानेच्या कातडीखाली टोचल्या की गाईचं शरीर त्या परक्या पेशी मोडून काढतं. पण तेवढ्यात आतला परजीवी गाईच्या स्वतःच्या पेशींत थोडा पसरतो. म्हणजे गाईला गोचीड ताप येतोच, फक्त इतका हलका की बहुतेक वेळा आपल्याला कळतही नाही.

कळला तर काय दिसेल? आठ-पंधरा दिवसांत एखादी गाय दीड-दोन दिवस सुस्त, अंग थोडं गरम. तुमची कबरी!

ही लस आयुष्यात एकदाच पुरते. आता ही "कायमची" राखण कुठून येते ते. आपण लस म्हटलं की अँटिबॉडी म्हणतो. कोरोनात हा शब्द घरोघरी गेला. अँटिबॉडी म्हणजे रस्त्यावरची गस्त. चोर रस्त्यावर असेल तर ती पकडते. चोर घरात शिरून दार लावून बसला असेल, तर गस्त समोरून निघून जाते. थायलेरिया बराचसा काळ घरात बसलेला असतो. त्याला गाठायला दुसरी फौज लागते, टी पेशींची. पेशीच्या आत जे काही शिजतंय त्याचे बारीक तुकडे प्रत्येक पेशी आपल्या बाहेरच्या अंगावर मांडून ठेवते, दारावर खूण लावावी तसे. टी पेशी फिरत फिरत त्या खुणा वाचतात. ओळखीची वाईट खूण दिसली की घरासकट चोर संपवतात. हे वाचणं कसं चालतं ते शोधल्याबद्दल १९९६ साली पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांना नोबेल मिळालं. डोहर्टी मूळचे गुरांचे डॉक्टर, हे मी आमच्या खात्यात नव्याने लागलेल्या प्रत्येक पोराला सांगायचो. शेणात हात घालणाऱ्यालाही नोबेल मिळतं!

लढाई संपली की बहुतेक टी पेशी मरतात. थोड्या मात्र वर्षानुवर्षं राहतात. त्यांना ती खूण पाठ असते. पुढच्या वैशाखात खरा, दातांचा थायलेरिया आला की या पेशी पहिल्या वेळी लागले होते तितके दिवस घेत नाहीत, लगेच कामाला लागतात. मागच्या वर्षी गेलेल्या तुमच्या गाईच्या शरीरालाही परजीवी ओळखता आलाच असता. तिला वेळ कमी पडला. लस विकत घेते ती एवढीच गोष्ट, वेळ.

आणि लाळ-खुरकुताशी तुलना करता ना, फरक इथेच आहे. लाळ-खुरकुताच्या लसीत विषाणू मेलेला असतो. तो पेशीत शिरत नाही, वाढत नाही. शरीर त्याच्यावर गस्त तयार करतं, आणि ती गस्त हळूहळू विरळ होत जाते, म्हणून वर्षातून दोनदा. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची, म्हणजे गाभडण्याच्या रोगाची, लस आयुष्यात एकदाच देतात, आठवतं? तीही जिवंत, आणि तो जंतूही पेशीच्या आत राहणारा. गोचीड तापाची लस याच भावकीतली. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या वेळापत्रकात ती तीन महिन्यांच्या पुढच्या वयाला, आयुष्यात एकदा, आणि फक्त संकरित व विदेशी जनावरांना, अशीच लिहिली आहे. म्हणून बाकी तीन गाईंना परत टोचू नका. तुमचे पैसे सरकीच्या ढेपीला लागतील.

एकदाच पुरते, याला आणखी एक कारण आहे आणि ते दिरांना मुद्दाम सांगा. पाठ केलेली खूण अधूनमधून कोणी विचारली तर पाठ राहते. तुमच्या गाईला चावणारा गोचीड दरवेळी थोडा थोडा थायलेरिया आत सोडतो, लस घेतलेली गाय तो आतल्या आत निपटवते, आणि आठवण पुन्हा ताजी होते. ज्या गोचिडांकडे बोट दाखवून दीर लसीला नावं ठेवताहेत, तेच तिचा बूस्टर डोस देताहेत. उलट जिथे गोचीड वर्षानुवर्षं येतच नाहीत तिथे ही आठवण पुसट होत जाते.

याच्या अगदी उलट्या जातीची एक लस ऑस्ट्रेलियात आणि क्युबात १९९० च्या दशकात निघाली. ती खुद्द गोचिडावर. गोचिडाच्या आतड्यातलं एक प्रथिन गाईला टोचतात, गाईच्या रक्तात त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात, गोचीड ते रक्त पितो आणि त्याचंच आतडं फाटतं. डोकं बघा माणसाचं! पण चावताना गोचीड आपलं आतडं काही गाईला दाखवत नाही. त्यामुळे चाव्यातून आठवण ताजी होत नाही, आणि सुई पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. गोचीड हटवणारी लस हवी असं तुमच्या दिरांना वाटतं ती ही. तिच्यातही एक मिळवायला एक सोडावं लागतंच.

आता कबरी.

लसीतला परजीवी जिवंत आहे, आणि त्याला काही दिवस गाईत जगू द्यायचं असतं. तो जगला, थोडा पसरला, तरच टी पेशींना शिकायला मिळतं. नवव्या-दहाव्या दिवशी कबरी सुस्त झाली, म्हणजे बहुधा तो छान पसरत होता. शाळा भरली होती. आणि त्याच वेळी लाल इंजेक्शन गेलं. गोचीड तापावरचं हुकमी औषध बुपारव्हाकोन, आणि ते लाल असतं. ते असेल तर त्याने लसीतला परजीवीही मारला असेल, धडा अर्धा राहिला असेल. पण सगळंच लाल ते बुपारव्हाकोन नव्हे. बी-१२ लाल असतं. लोहाचं इंजेक्शन लालसर काळपट. त्यामुळे त्या माणसाकडे जा, न भांडता, आणि रिकामी कुपी किंवा तिचं नाव मागा. ताकदीचं इंजेक्शन असेल तर विषय संपला. बुपारव्हाकोन निघालं तर कबरी लस घेतलेली नाही असं धरून चाला. पिवळ्या रंगाचं ऑक्सिटेट्रासायक्लिनही लसीनंतरच्या त्या दिवसांत टाळायचं असतं, तेही विचारून घ्या.

तसं असेल तर कबरीला पुन्हा लस लागेल, पण उद्या नाही. औषध अंगातून उतरलं पाहिजे, आणि आत्ता तिच्या अंगावर गोचीड आहेत म्हणजे खरा ताप आत शिजत असेल का हेही डॉक्टरांनी आधी पाहिलं पाहिजे. ताप, गाठ, वाटल्यास काचपट्टीवर रक्त. गाभण असेल तर वेल्यानंतरच. तोवर चौघींत तीच कच्ची आहे असं समजून रोज सकाळी तिचा ताप मोजा. १०३ च्या पुढे गेला तर संध्याकाळची वाट बघू नका. या आजारात मी ज्या गाई गमावल्या त्यातल्या बहुतेक "उद्या बघू"वर गेल्या.

दिरांचा संशय अगदीच टाकाऊ नाही, हेही लिहितो. ही लस पाणी होऊ शकते, आणि माझ्या हातून झाली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. कुप्या द्रव नायट्रोजनच्या नळीतून काढल्या, बर्फाच्या डब्यात ठेवल्या आणि मोटारसायकलवर तीन गावं केली. घटसर्प-फऱ्याच्या लसी तशाच न्यायची सवय होती हाताला. चैत्राचं ऊन, भुसावळकडची हवा. तिसऱ्या गावात दुपारी टोचली त्या गाईंपैकी दोन पावसाळ्यात गोचीड तापाने बसल्या. एक उठली नाही. जिवंत पेशींची लस उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्येच टिकते. बाहेर काढली, कोमट पाण्यात वितळवली, की लगेच टोचायची. बर्फ तिला वाचवत नाही. त्या गावात मला पुढे दोन वर्षं कोणी पाणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

म्हणून तुम्ही आठवून बघा. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्यात आणतात तसला, धूर निघणारा जड कॅन डॉक्टरांनी गोठ्यापाशी किंवा निदान गावात आणला होता का? कुपी तुमच्यासमोर वितळवली का? हो असेल तर निर्धास्त राहा. कबरीला आलेली सुस्तीसुद्धा माझ्या मते लस जिवंत होती याचीच साक्ष आहे.

खिल्लारीला लस दिली नाही याची रुखरुख नको. आपल्या तापीकाठची खिल्लार शेकडो वर्षं या गोचिडांबरोबर राहिली आहे. साहिवाल या देशी जातीच्या आणि होलस्टीन वासरांना सारखाच परजीवी देऊन केलेल्या प्रयोगांत साहिवालांचा आजार सौम्य राहिला. देशी गाईला हा परजीवी होतच नाही असं नाही, पण तिचं शरीर त्याच्यावर आततायीपणे भडकत नाही. मात्र ती तो रक्तात थोडाथोडा बाळगते. लस घेतलेल्या गाईही बाळगतात. पिल्लू गोचीड तिचं रक्त पितो, भिंतीच्या फटीत जाऊन कात टाकतो, मोठा होतो आणि शेजारच्या होलस्टीनला चिकटतो. गोठ्यातला आजार असा दावणीवरच फिरतो.

तेव्हा गोचीड बूस्टर देतात म्हणून गोचीड पाळायचे नाहीत! थायलेरियाची लस थायलेरियापुरतीच. लाल लघवीचा आजार आणणारा बॅबेसिया हा परजीवी वेगळा, त्याला ती ओळखत नाही. शिवाय लस घेतलेल्या गाईवर एकदम शेकडो गोचिडांचा मारा झाला तर तीही डगमगते. आपला हा गोचीड, हायलोमा, गाईपेक्षा गोठ्यात जास्त राहतो, म्हणून निम्मं काम भिंतीत आहे. फटी लिंपून घ्या, चुना मारा, गव्हाणीखालचा जुना शेणकूट काढा. दगडी भिंत असेल आणि जवळ कडबा नसेल तर फ्लेम गन फिरवणाऱ्याला बोलवा. दोन-चार कोंबड्या मोकळ्या सोडा, त्या फुकट काम करतात. फवारणीचं औषध आणि त्याचं प्रमाण डॉक्टरांकडून, आणि दरवर्षी तेच तेच नको, गोचीड त्याला सरावतात. फवारण्याआधी गाईंना पोटभर पाणी पाजा, म्हणजे त्या अंग चाटत नाहीत.

एक गोष्ट मात्र हाताने करण्यासारखी आहे. गोचीड चिकटल्या चिकटल्या थायलेरिया सोडत नाही. रक्त प्यायला लागल्यावर त्याच्या लाळेत परजीवी पिकायला दोन-तीन दिवस लागतात. दिवसाआड कास, शेपटीखाली, कानाचं मूळ तपासून गोचीड काढले तर बरेचसे पिकण्याआधीच निघतात. चिमट्याने काढा आणि रॉकेलच्या डब्यात टाका. नखावर चिरडू नका. आमच्या पिढीने सगळ्यांनी चिरडले, पण आता चिरडू नका.

कारण तुमच्या मुलाचा प्रश्न. थायलेरिया माणसाला होत नाही, ती भीती काढून टाका. पण हाच हायलोमा काँगो तापाचा विषाणू बाळगू शकतो. २०११ मध्ये गुजरातेत साणंद तालुक्यात त्याची आपल्या देशातली पहिली साथ उघड झाली, आणि नंदुरबारपासून गुजरात किती लांब ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यावर आपल्याकडे लस नाही. घाबरवायला सांगत नाही, खान्देशात घरोघरी गोचीड आहेत आणि माणसं ठणठणीत आहेत. मुलाला पुढचे दोन आठवडे जोराचा ताप, अंगदुखी, कुठून रक्त येणं असं काही झालं तर दवाखान्यात "गोचीड चावला होता" हे शब्द आधी बोला. एरवी काही करायचं नाही.

माणसासाठी गोचिडाच्या आजारावर लसी आहेत, पण आपल्या आजारांवर नाहीत. युरोपात गोचिडामुळे होणाऱ्या मेंदूज्वरावर तीन डोसांची लस आहे, आणि तिचेही बूस्टर काही वर्षांनी घ्यावे लागतात. आपल्याकडे माकडतापावर होती, सिंधुदुर्गात २०१६ पासून ज्याचे रुग्ण निघाले तो. ती मेलेल्या विषाणूची. दोन डोसांनी सुमारे ६२ टक्के संरक्षण, बूस्टर घेतला तर ८३ च्या आसपास, आणि बूस्टर वर्षा-वर्षाला. जंगलातल्या माणसाला दरवर्षी सुईसाठी कोण बोलावणार? शेवटी २०२२ मध्ये ती बंद झाली. या बाबतीत तुमच्या गाईंचं नशीब तुमच्यापेक्षा बरं आहे.

राहिली कालवड. दोन महिन्यांची आहे, म्हणजे आषाढात तीन पूर्ण होतील. तोवर तिला मोठ्या गाईंपासून वेगळी, कोरड्या जागी बांधा, रोज हात फिरवून गोचीड बघा. तीन महिने झाले, ताप नाही, गाठ नाही, की टोचून घ्या. त्या वेळी आजूबाजूला कोणतंही औषध चालू नसावं, आणि पुढचे तीन-चार आठवडे तिला "सुस्त दिसते" म्हणून कोणी सुई लावू नये. अगदीच ताप चढला तर लस देणाऱ्या डॉक्टरलाच फोन करायचा, गावातल्याला नाही. संरक्षण बसायलाही तेवढेच आठवडे लागतात, तेव्हा या काळात गोचीड जास्तच जपून काढा.

लस देणारे डॉक्टर एका वासरासाठी नायट्रोजनचा कॅन घेऊन यायला कुरकुर करतील, त्यांचंही चुकत नाही. एका कुपीत बऱ्याच जनावरांचे डोस असतात आणि एकदा वितळली की ती परत गोठवता येत नाही. २०२२ च्या ऑगस्टात राज्यातली लम्पीची ती साथ रावेरच्या चिनावलला पहिल्यांदा दिसली, तेव्हा आपल्याकडच्या लोकांनी गल्लीगल्लीच्या याद्या करून लसी टोचून घेतल्या होत्या. तशीच गल्लीतल्या संकरित वासरांची यादी करा आणि एकाच सकाळी बोलवा, उन्हं चढायच्या आत. यादीत दिरांच्या गाईंचंही नाव घाला.